टक्कल, चाई आणि खानदान: केस जाणं खरंच पिढीजात असतं का?

रिश्ता जुळवताना विचारले जाणारे प्रश्न आपल्याला पाठ आहेत. मुलगा काय करतो, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलगी किती शिकली. हे सगळं झालं की मधल्या माणसाकरवी हळूच आजारांची चौकशी होते. घरात साखर कुणाला आहे, अंगावर पांढरे डाग तर नाहीत ना, फिट येत नाही ना. या यादीत केसही असतात. मुलीच्या अम्मीला किंवा खालाला कधीतरी डोक्यात चाई पडली होती असं कुठून कळलं, की बोलणी थंडावतात. "खानदानी आहे, पुढे मुलांना होईल," एवढं एक वाक्य पुरतं.

आता दुसरी बाजू पाहा. मुलाला सत्ताविसाव्या वर्षीच कपाळ मागे सरकून टक्कल दिसू लागलंय. तिथे कुणी खानदान काढत नाही. "मामूंवर गेलाय" म्हणून हसून सोडून दिलं जातं.

गंमत अशी, की या दोघांत जास्त पिढीजात आहे ते टक्कल. चाई त्या मानाने कितीतरी कमी. आणि केसांचा जो दोष खरोखर आईबापांकडून मुलांत जातो, त्याच्या बाबतीत आपली घरं बरेचदा नेमकं उलटं पाऊल उचलतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आधी हे वेगवेगळे प्रकार वेगळे करून घेऊ, कारण घरात सगळ्यांना मिळून आपण "केस गेले" एवढंच म्हणतो.

एकाच शब्दात कोंबलेले अनेक आजार

टक्कल म्हणजे वयात आल्यानंतर हळूहळू, वर्षानुवर्षं, कपाळाकडून आणि टाळूवरून केस विरळ होत जाणं. कानामागचे आणि मानेवरचे केस मात्र टिकून राहतात.

चाई वेगळी. रुपयाच्या नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा एक दिवस अचानक सापडतो. बरेचदा न्हावीच दाखवतो, किंवा मुलीची वेणी घालताना आईच्या बोटांना लागतो. आपल्याकडे कुणी याला उंदरी लागली म्हणतं, उर्दू बोलणाऱ्या घरात बालखोरा म्हणतात. "किडा केस खातो" ही समजूत तिथूनच आली. किडा वगैरे काही नसतो. डॉक्टर याला ॲलोपेशिया अरेटा म्हणतात. ॲलोपेशिया या शब्दाचा अर्थ फक्त केस जाणं, म्हणून चिठ्ठीवर तो शब्द दिसला की घाबरायचं कारण नाही. त्याच्या पुढचा शब्द महत्त्वाचा.

तिसरा प्रकार फार दुर्मिळ आहे. त्यात बाळाचे केस पहिल्या काही महिन्यांतच जातात आणि पुन्हा येतच नाहीत.

चौथा प्रकार तात्पुरता. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा घरातला मोठा सदमा, यानंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात मूठभर केस येऊ लागतात आणि पुढच्या सहा महिन्यांत बहुतेक वेळा थांबतात. "आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे बाळंतपणानंतर केस जातात" असं ऐकायला मिळतं. ते सगळ्याच घरांतल्या बायकांचे कमीजास्त जातात. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते नंतर एकदम गळतात, एवढंच. याला खानदान म्हणू नये. मात्र केस गळणं थांबलं नाही तर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावं. आपल्या बायकांमध्ये लोहाची कमतरता घरोघरी आहे आणि ती केसांतही दिसते.

टक्कल नानांकडून येतं की अब्बांकडून?

अमेरिकेतल्या डोरोथी ऑसबोर्न या संशोधिकेने १९१६ साली असं मांडलं की टक्कल एकाच जनुकामुळे पडतं. पुरुषात ते एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं, बाईत मात्र दोघांकडून यावं लागतं. हे गणित इतकं सुटसुटीत होतं की कित्येक दशकं पुस्तकांत तसंच छापलं गेलं. प्रत्यक्षात ते चुकीचं निघालं.

पुढची मोठी गोष्ट कळली ती १९४२ साली. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने अशा पुरुषांचा अभ्यास केला ज्यांची वृषणं वयात येण्याआधीच निकामी झाली होती किंवा काढली गेली होती. त्यांना टक्कल पडलंच नव्हतं. त्यांतल्या काहींना पुरुषी संप्रेरक म्हणजे टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हतं त्यांचे टिकले. म्हणजे घराण्याकडून तयारी येते आणि संप्रेरक तिला चालना देतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. टाळूवरची काही मुळं त्याला जास्त संवेदनशील असतात. ती दरवेळी आधीपेक्षा बारीक, आखूड केस उगवतात आणि शेवटी नुसती लव उरते.

मग मामू आणि नानांचं काय? ती समजूत अर्धी खरी आहे. संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. म्हणून आईच्या घराकडे बघण्यात अर्थ आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. ब्रिटनमधल्या ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या माहितीवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टकलाशी संबंध असलेल्या २८७ जागा जनुकांमध्ये सापडल्या. त्यांतल्या ४० एक्स गुणसूत्रावर होत्या, उरलेल्या इतर गुणसूत्रांवर. ती गुणसूत्रं आई आणि बाप दोघांकडून येतात. ज्यांच्या वडिलांना टक्कल आहे अशा पुरुषांत टक्कल पडण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे अडीच पट असल्याचंही आढळलं आहे. तेव्हा नानांच्या डोक्यावर दाट केस आहेत म्हणून निर्धास्त राहू नये, आणि मामूंचं टक्कल पाहून पंधराव्या वर्षापासून आरशासमोर उभंही राहू नये.

जुळ्या भावांवरच्या अभ्यासांतून असा अंदाज निघतो की पुरुषापुरुषांत टकलाचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. इतका मोठा वाटा फार थोड्या गोष्टींत सापडतो. टोपी घातल्याने, जड पाण्याने किंवा शाम्पू बदलल्याने टक्कल पडतं हे म्हणून खरं नाही. हिजाबनेही पडत नाही. ओले केस घट्ट बांधून, ओढून अंबाडा घालून वर्षानुवर्षं ठेवले तर कपाळाच्या कडेचे केस ताणाने जातात, पण तो दोष ओढून बांधण्याचा आहे. आधी केस सुकू द्यावेत आणि सैल बांधावेत, एवढं पुरे.

बायकांनाही घराण्याकडून केस विरळ होण्याची ठेवण मिळते. त्यांचं कपाळ मागे जात नाही, भांग रुंद होत जातो. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर ते सांगायला लाजू नये. पीसीओएस तपासणं तिथे गरजेचं असतं.

टकलावरच्या औषधांबद्दल थोडक्यात. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून केसांसाठी वापरात आलं. लावणं बंद केलं की फायदाही जातो. फिनास्टेराइड ही पुरुषांनी घ्यायची गोळी डीएचटी कमी करते. अमेरिकेत १९९७ साली तिला केसांसाठी मान्यता मिळाली. गरोदर बाईने ती गोळी फुटलेली असेल तर हातातही घेऊ नये, पोटातल्या मुलाच्या वाढीला धोका असतो. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही, म्हणून इथे सांगितली.

चाई: शंभरातल्या चौऱ्याण्णव मुलांना होत नाही

चाईत शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाभोवती पेशी मधमाश्यांच्या थव्यासारख्या गोळा झालेल्या दिसतात. यात एक दिलासा आहे. मूळ मरत नाही, फक्त झोपतं. म्हणून वर्षांनंतरही केस परत येऊ शकतात. एक-दोनच चट्टे असतील तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप येतात. काहींचे मात्र पुन्हा पुन्हा जातात आणि थोड्या लोकांचे डोक्यावरचे, भुवयांचे, सगळ्या अंगावरचे केस जातात.

जगात दर शंभरात साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी चाई होते. ती लागट नाही. एकाच कंगव्याने, एकाच उशीने, सलाम करताना हात मिळवल्याने ती जात नाही. चाई असलेल्या मुलाला मदरशात किंवा शाळेत वेगळं बसवण्याचं काहीच कारण नाही. लागट असतो तो डोक्याचा नायटा, म्हणजे बुरशी. त्यात चट्ट्यावर कोंड्यासारखे पापुद्रे, खाज आणि तुटके केस दिसतात. त्यावर तोंडाने औषध घ्यावं लागतं, नुसतं मलम पुरत नाही. दोन्हीतला फरक डॉक्टर पाहून सांगतो, म्हणून आधी तिथे जावं.

आता खानदानाचा प्रश्न. चाईत आनुवंशिकतेचा वाटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःला चाई झाली आणि त्यांनी याच आजाराचा मागोवा घेतला. २०१० साली त्यांच्या गटाने हजाराहून जास्त रुग्णांच्या जनुकांची तपासणी करून आठ जागा दाखवल्या. त्यांतल्या बऱ्याच जागा सांधेदुखीच्या एका प्रकारात, लहानपणी होणाऱ्या मधुमेहात आणि गव्हाच्या ॲलर्जीसारख्या सीलिॲक आजारातही सापडतात. म्हणून घरात कुणाला थायरॉइड, कोड किंवा असा मधुमेह असेल आणि दुसऱ्या कुणाला चाई, तर त्यात नवल नाही. प्रतिकारशक्तीची ठेवण एक, प्रत्येकात ती निघते वेगळ्या वाटेने.

पण ठेवण मिळणं आणि आजार मिळणं यात मोठं अंतर आहे. युरोपातल्या रुग्णांच्या नातेवाइकांची मोजणी झाली तेव्हा आई किंवा बापाला चाई असलेल्या मुलांत आयुष्यभरात ती होण्याची शक्यता सुमारे ६ टक्के निघाली. सख्ख्या भावंडांत सुमारे ७ टक्के. ज्या घरात कुणालाच नाही तिथेही दोन टक्के असतेच, हे लक्षात घ्या. म्हणजे चाई असलेल्या आईच्या शंभर मुलांपैकी साधारण चौऱ्याण्णव मुलांना ती कधीच होणार नाही. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच, तरी एकाला चाई झाली म्हणून दुसऱ्याला झाली असं साधारण निम्म्याच जोड्यांत दिसलं.

सहा टक्क्यांसाठी रिश्ता मोडायचा असेल, तर साखर आणि रक्तदाब असलेल्या घरातला एकही रिश्ता होणार नाही. मग आपल्या मोहल्ल्यात निकाह कुणाचा लागायचा?

हदीसमधली बनी इस्राईलच्या तिघांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात एक कोडी आहे, एक आंधळा आणि एक डोक्यावर केस नसलेला. फरिश्ता येऊन विचारतो तेव्हा हा तिसरा नुसते केस मागत नाही, लोक ज्यामुळे आपल्यापासून दूर पळतात ते जावं असंही म्हणतो. बयानात ही गोष्ट कृतज्ञतेच्या अंगाने सांगितली जाते, ते बरोबरच आहे. पण लोकांच्या नजरेचं दुखणं त्यात किती साध्या शब्दांत आलंय, तिकडेही कधी बघावं. डोक्यावर ओढणी असते म्हणून आपल्या मुलींचा चट्टा दिसत नाही, असं वाटतं. बायकांच्या मेहफिलीत, हळदी-मेहंदीत, नहाणघरात तो दिसतोच, आणि बोलणाऱ्या तिथेच असतात.

उपचारांबद्दल एक सावधगिरी. चट्ट्यावर लसूण घासणं, कांद्याचा रस, कुणी सांगितलं म्हणून बिब्बा लावणं, हे अजून चालतं. बिब्ब्याने कातडी भाजते आणि डाग कायमचा राहू शकतो. मग केस येण्याची जागाच जाते. या उपायांची ख्याती का टिकते? छोटे चट्टे पुष्कळदा आपोआप भरतात, आणि त्या वेळी डोक्याला जे लावलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. तावीज देणाऱ्यालाही त्याच हिशेबाने मिळतं. त्वचारोगतज्ज्ञ छोट्या चट्ट्यांवर स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं किंवा लावायची औषधं देतात. डोक्याचा मोठा भाग गेला असेल तर आता नवी औषधं आहेत. अमेरिकेत प्रौढांच्या गंभीर चाईसाठी बॅरिसिटिनिबला जून २०२२ मध्ये आणि बारा वर्षांपुढच्या मुलांनाही देता येईल अशा रिटलेसिटिनिबला जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधं प्रतिकारशक्तीला आवर घालतात, म्हणून आधी क्षयरोगासारखे संसर्ग तपासावे लागतात. बंद केल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात. परस्पर दुकानातून घेण्याची ही गोष्ट नाही.

अकीक्यानंतर केस आलेच नाहीत

आता त्या दुर्मिळ प्रकाराकडे येऊ, कारण तो आपल्यासारख्या घरांत सापडला आणि तिथूनच जगाला समजला.

जानेवारी १९९८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पाकिस्तानी शास्त्रज्ञ वसीम अहमद आणि वर उल्लेख केलेल्या क्रिस्टियानो यांच्या गटाचं काम छापून आलं. पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबात अनेक माणसांच्या डोक्यावर, भुवयांवर, अंगावर केसच नव्हते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं होत आलेली. संशोधकांनी त्यांच्या रक्तातून दोष शोधला. तो आठव्या गुणसूत्रावरच्या 'हेअरलेस' नावाच्या जनुकात होता. माणसाच्या केस नसण्यामागचं एक नेमकं जनुक अशा रीतीने हाती लागण्याची ही पहिलीच वेळ. पुढे २००३ साली पाकिस्तानातल्याच दोन कुटुंबांमुळे विरळ, तुटक्या केसांमागचं डेस्मोग्लीन ४ हे जनुक कळलं. पाठोपाठ आणखी काही सापडली.

या मुलांची कहाणी ऐकण्यासारखी आहे. बाळ जन्मतं तेव्हा डोक्यावर जावळ असतं. सातव्या दिवशी अकीका होतो, केस काढले जातात, आणि नंतर ते उगवतच नाहीत. मग दोष कुणाला? न्हाव्याच्या वस्तऱ्याला, कुणाच्या नजरेला, नाहीतर आईने बाळंतपणात काय खाल्लं त्याला. खरं म्हणजे या जनुकात दोष असला की पहिले केस गळल्यावर मूळ पुन्हा बांधलंच जात नाही. वस्तरा लावला नसता तरी काही महिन्यांत ते केस गेलेच असते. वस्तरा कातडीच्या वर चालतो, मूळ आत असतं. म्हणूनच त्याने केस जात नाहीत, आणि दाटही होत नाहीत.

मोठेपणी अशा लोकांच्या गुडघ्यांवर, कोपरांवर, चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या येतात. बाकी बुद्धी, दात, नखं, घाम सगळं ठीक असतं. अडचण ही की बाहेरून हे चाईच्या सर्वांत तीव्र प्रकारासारखं दिसतं. मग मुलाला वर्षानुवर्षं स्टेरॉइड दिलं जातं, ज्याचा इथे काडीचा उपयोग नाही. मूळच नसेल तर औषध जागं कुणाला करणार? म्हणून पहिल्या वर्षात गेलेले केस परत आलेच नसतील तर डॉक्टरांना अकीक्यापासूनची सगळी हकीकत सांगावी आणि आईबाप नात्यातले आहेत का तेही न लपवता सांगावं. जनुकाची तपासणी आता करता येते.

हिशेब असा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक अम्मीकडून, एक अब्बांकडून. एक प्रत खराब असली तरी दुसरी काम चालवते. अशा माणसाला वाहक म्हणतात. त्याला स्वतःला काहीही होत नाही, केस दाट असतात, आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी की मुलाला दोन्ही खराब प्रती मिळतील. असे दोष फार थोड्या लोकांत असतात, म्हणून दोन अनोळखी घरांतले दोघंही एकाच दोषाचे वाहक निघणं दुर्मिळ. पण चुलत, मावस, मामे, आते भावंडांचे दादा-दादी किंवा नाना-नानी एकच. दादा वाहक असतील तर त्यांच्या दोन वेगळ्या मुलांची मुलं दोघंही वाहक असण्याची शक्यता सोळात एक होते.

नात्यातलं लग्न आपल्या शरीअतमध्ये जायज आहे आणि तो प्रश्न इथे नाही. आपल्याच महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत हिंदू समाजांतही जुनी आहे, तेव्हा याला फक्त मुसलमानांचं म्हणून दाखवणंही चूक. बहुतेक अशा जोडप्यांची मुलं ठणठणीत असतात. ब्रिटनच्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची घरं पुष्कळ आहेत, ११ हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषाचं प्रमाण एरवी सुमारे ३ टक्के, सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नांत सुमारे ६ टक्के. दुप्पट झालं हे खरं, आणि चौऱ्याण्णव टक्के बाळं ठीक होती हेही खरं. मात्र घराण्यात एखादा दोष आधीच दिसला असेल, तर हे सरासरीचे आकडे बाजूला ठेवून त्या घराचाच हिशेब करावा लागतो.

आणि नेमकं इथे आपण उलटं वागतो. जन्मापासून केस नसलेली मुलगी घरात असेल तर तिचे आईबाप विचार करतात, बाहेर हिला कोण करून घेणार? मग फूफीच्या किंवा चाचाच्या मुलाशी तिचा निकाह लावला जातो. हेतू मायेचा असतो. पण गणित पाहा. मुलीकडे दोन्ही प्रती खराब, म्हणून तिच्या प्रत्येक मुलाला एक खराब प्रत जाणारच. चाचाचा मुलगा वाहक असण्याची शक्यता किमान चारात एक. म्हणजे त्यांच्या प्रत्येक मुलामागे किमान आठात एक शक्यता, आणि तो वाहक निघालाच तर दोनात एक. हीच मुलगी नात्याबाहेर, ज्या घरात हा दोष नाही अशा ठिकाणी गेली, तर तिची सगळी मुलं वाहक होतील आणि सगळ्यांना केस येतील. जी मुलगी "खानदानी आजाराची" म्हणून बाहेरच्या घरांनी नाकारली, तिची मुलं त्याच बाहेरच्या घरात धडधाकट झाली असती.

अशा मुलीच्या केस असलेल्या सख्ख्या भावंडांनीही हे लक्षात ठेवावं. ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. त्यांचं लग्न नात्यातच ठरत असेल, तर आधी दोघांची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

आणखी एक प्रकार वेगळ्या वाटेने येतो. डार्विनने १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. चार पिढ्यांत मिळून दहा पुरुषांना दात अगदी थोडे, केस विरळ, आणि उन्हाळ्यात अंगाची काहिली. मुलींना काही होत नसे, पण त्यांच्या मुलग्यांना होई. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा. आईकडून मुलग्याला येणारा, खराखुरा "मामूंवर गेलेला". या मुलांना घाम येत नाही म्हणून ताप झपाट्याने चढतो. बाळाचे केस फार विरळ, दात उशिरा किंवा टोकदार, आणि उन्हात अंग तापून घाम नाही, असं दिसलं तर केसांची चिंता नंतर. त्याला थंडाव्यात ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

एकाच घरात एकाच वेळी

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडू लागले. बाया, पुरुष, पोरं, एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन जण. आधी पाण्यावर संशय आला, मग बुरशीवर. तपासाला पथकं आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचा निष्कर्ष मांडला. सेलेनियम शरीराला अगदी थोडं लागतं, जास्त झालं की केस आणि नखं आधी जातात.

या घटनेतून आपल्या विषयापुरतं एवढंच घ्यायचं. घरातल्या तिघांचे केस गेले म्हणून ते खानदानी ठरत नाही. एका घरात एक पीठ, एक पाणी, एक कंगवा, एक तेल असतं. आनुवंशिक दोष प्रत्येकाच्या त्याच्या त्याच्या वयात उगवतो. सासू आणि सून, ज्यांच्यात रक्ताचं नातं नाही, दोघींचे एकाच महिन्यात जात असतील तर कारण ताटात नाहीतर पाण्यात शोधा.

विचारलं तर काय सांगायचं

डॉक्टरकडे जाताना नुसतं "आमच्यात आहे" म्हणू नये. कुणाला, कितव्या वर्षी, चट्टे होते की हळूहळू विरळ झाले, परत आले का, नखांवर खड्डे दिसतात का, घरात थायरॉइड किंवा कोड कुणाला, आईबाप नात्यातले का. जुना फोटो असेल तर मोबाइलमध्ये घेऊन जा. दहा मिनिटांच्या तपासणीत याचा फार उपयोग होतो. चाई लहान वयात सुरू झाली असेल, नखंही धरली असतील किंवा घरात आधी कुणाला असेल, तर ती जास्त चिवट निघू शकते. म्हणून घराण्याचा इतिहास उपचार ठरवायला लागतोच.

रिश्त्याच्या वेळी मुलीला चाई आहे हे लपवू नये. निकाहनंतर कळलं तर भांडण केसांवरून राहत नाही, फसवलं यावरून होतं. सांगताना मात्र आकड्यासकट सांगावं: लागट नाही, मूल होण्यात अडचण येत नाही, आणि मुलांना होण्याची शक्यता शंभरात सहा. अम्मीला किंवा खालाला होती आणि मुलीला स्वतःला नाही, तर ते सांगायची गरज आहे का, असं काही घरं आम्हाला विचारतात. आमच्या मते समोरून विचारलं तर खरं सांगावं, न विचारता यादी वाचून दाखवायची गरज नाही. मुलाकडचे मुलाच्या टकलाची कुठे देतात?